नेहमी, म्हणजे सगळी वाट

ॲग्नेस मॉसपच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, 'ऑलस'. शहरातली माणसं 'ऑलवेज' म्हणतात तोच हा शब्द. उत्तर इंग्लंडमधल्या कम्ब्रियाच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून तो असा आखूड झाला होता. अर्थ आपला साधा, 'नेहमी'. पण ॲग्नेस तो शब्द उच्चारायची तेव्हा त्यात कायद्याचं वजन असायचं. रविवारी मटण-बटाट्याचं भांडं भट्टीत का, तर नेहमी असतं म्हणून. कुत्रीचं नाव फ्लाय का, तर मॉसपांच्या कुत्रीचं नाव नेहमी फ्लायच असतं म्हणून. ही कितवी फ्लाय, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

लग्न होऊन ती रेकगिलच्या शेतावर आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्याने तिला डोंगरावर नेलं होतं. घरामागची कुरणं आणि शेवटची दगडी भिंत ओलांडली की उघडा डोंगर सुरू होई. मग एक ओढा, त्याच्या वर सुट्या दगडांचा घसरडा उतार आणि माथ्यावर कोणी तरी कधी तरी रचलेली दगडांची रास. म्हाताऱ्याने काठीने ती रास दाखवली आणि म्हणाला, "इथवर आपलं. नेहमीच." पलीकडे बर्केटांचं रान. मध्ये ना भिंत, ना तार. मेंढ्याच ती हद्द सांभाळत. मेंढी आपल्या आईबरोबर जिथे चरली तिथेच आयुष्यभर चरते, आणि आपल्या कोकरालाही तेवढंच रान दाखवते. अशा रानाला तिकडे हीफ म्हणतात. शेत जमीनदाराचं असतं आणि डोंगरावरचा कळपही शेताबरोबरच येतो. कूळ बदललं तरी मेंढ्या हलत नाहीत. आधीच्याने जेवढं रान कळपासकट हाती दिलं, तेवढंच पुढच्याच्या हाती द्यायचं, ही तिथली रीत.

सासऱ्यानंतर नवरा, नवऱ्यानंतर ॲग्नेस. आता अडुसष्टाव्या वर्षी तिच्या मनात एकच गोष्ट उरली होती. मुलाच्या, क्लिफच्या हाती रास आणि भिंत यांच्यामधलं सगळं रान द्यायचं. त्यात वीतभरही कमी नको.

दोन हजार एक साली जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचा रोग आला. मॉसपांची एकही मेंढी आजारी नव्हती. पण रस्त्यापलीकडच्या शेतात रोग निघाला आणि शेजारचं म्हणून रेकगिलचा सगळा कळप मारायचा हुकूम निघाला. पांढरे कपडे घातलेली माणसं आली. क्लिफने आणि ॲग्नेसने स्वतः कळप डोंगरावरून खाली आणला, कारण दुसऱ्या कोणालाही तो आणता आला नसता. मेंढ्या नेहमीच्या वाटेने, नेहमीसारख्या एकीमागे एक अशा अंगणात आल्या. त्यांना वाटलं असेल, लोकर कातरायची वेळ झाली. पुढचं ॲग्नेस कधीच कोणाशी बोलली नाही. खालच्या कुरणात बरेच दिवस धूर होता आणि खोऱ्यातल्या बायका कपडे वाळत घालायला बाहेर पडत नव्हत्या.

डोंगर रिकामा झाला. माथ्यापलीकडचा जॉन्टी बर्केटचा कळप तेवढा वाचला.

शरद ऋतूत, रोगामुळे जाण्यायेण्यावर घातलेली बंदी उठल्यावर, जॉन्टी चहाला आला. त्याच्या पाठोपाठ हर्डबाई आल्या, आल्याचा केक घेऊन. त्या गावातल्या शाळेत शिकवायच्या. ऐंशी उलटली होती, तरी जॉन्टीला त्या अजून शेवटच्या बाकावरचाच मुलगा समजत.

"बूट पुसलेस का?" त्यांनी विचारलं.

"पुसले, बाई."

"दोन्ही?"

जॉन्टी मुकाट्याने दारापर्यंत जाऊन आला.

बोलणं फिरत फिरत डोंगरावर आलं. क्लिफ म्हणाला, "नव्या मेंढ्या आणू, पण वर कुंपण घालू. आता तिथे थांबायला कोण शिकवणार त्यांना? सोडल्या की दोन दिवसांत पार पलीकडच्या खोऱ्यात."

"डोंगरावर कुंपण?" ॲग्नेस म्हणाली. "आपल्याकडे नेहमी..."

"नेहमी, नेहमी. आई, ते नेहमी आता राहिलेलं नाही. खालच्या कुरणात जाळलं त्यांनी ते. तू होतीस तिथे."

जॉन्टीने कपात बघितलं. क्लिफलाही आपण जास्त बोललो असं वाटलं असावं, कारण तो उठला आणि भट्टीतले निखारे उगाचच सारखे करू लागला.

हर्डबाईंना शांतता सोसत नसे. त्या म्हणाल्या, "या शब्दाची गंमत ठाऊक आहे का तुम्हांला? हा मुळात काळाचा शब्दच नाही, वाटेचा आहे. फार जुन्या इंग्रजीत लोक 'सगळी वाट' असे दोन शब्द म्हणायचे. मी सगळी वाट चालत आलो, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न सोडता. मग ते दोन शब्द चिकटून एक झाले आणि हळूहळू वाटेवरून काळावर आले. सगळी वाट, म्हणजे सगळा काळ. शेवटचा 'स' तर आणखी मागाहून लागला. चर्चमधल्या जुन्या प्रार्थनांत तो अजूनही कधी कधी नसतो. तुम्हांला वाटायचं, छापणाऱ्याची चूक."

"मला वाटायचं पाद्रीबाबांचे दात पडले," जॉन्टी म्हणाला.

"तू चर्चमध्ये कधी होतास?"

"नेहमी असायचो की, बाई. नाताळात." मग तो ॲग्नेसकडे वळला. "माझी बायको हा शब्द रोज वापरते. 'तू नेहमी उशिरा येतोस' म्हणते. म्हणजे मी दोनदा आलो. तिची वाट फार आखूड आहे बघ."

क्लिफसुद्धा हसला. ॲग्नेस हसली नाही. ती हर्डबाईंकडे बघत होती.

"मध्ये कुठेही न सोडता," ती म्हणाली.

"हो. तसाच होता अर्थ."

त्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी क्लिफ उठला तेव्हा ॲग्नेस चुलीपाशी बसून नवऱ्याच्या जुन्या बुटांना चरबी चोळत होती. तिचे स्वतःचे बूट डोंगरासाठी पुरे पडणार नव्हते. "मेंढ्या आण," ती म्हणाली. "कुठल्याच डोंगराची सवय नसलेल्या. कुंपणात वाढलेल्या आण. बाकीचं मी बघते."

"काय बघतेस?"

"आई दाखवते ना कोकराला रान? त्यांना आई नाही. मी दाखवीन."

क्लिफ वाद घालत बसला नाही. एक तर आईपुढे वाद टिकत नसे. दुसरं असं, की कळप गेल्यापासून तो पाटीच्या दगडाच्या खाणीवर ट्रक चालवायला लागला होता. पहाटे जायचा, दिवेलागणीला यायचा. दिवसा डोंगरावर कोण चालतं हे ठरवायचा हक्क आपल्याला आहे, असं त्यालाही वाटत नव्हतं.

दोन खोरी ओलांडून मेंढ्या आल्या. करड्या, ठेंगण्या, पांढऱ्या तोंडाच्या, त्याच जातीच्या; पण नजर वेगळी. आधीच्या मेंढ्या डोंगराकडे बघत, या माणसाकडे बघत. ॲग्नेसने प्रत्येकीच्या डाव्या खांद्यावर मॉसपांचा लाल पट्टा ओढला. बर्केटांचा निळा, पाठीवर. दुरून धुक्यातही कोणाची मेंढी ते कळावं म्हणून.

आणि ती चालायला लागली. सकाळी भिंतीतलं फाटक उघडायचं, मेंढ्या पुढे, फ्लाय बाजूने, ॲग्नेस मागे. ओढा, घसरडा उतार, रास. तिथे थांबायचं. मेंढ्या पसरून चरू लागल्या की कडेकडेने फिरायचं आणि कोणी हद्दीपलीकडे निघाली की फ्लायला शीळ घालून वळवायचं. संध्याकाळी कळप वरच ठेवून उतरायचं, कारण हद्द शिकायची तर मुक्कामही तिथेच हवा. सकाळी परत जाऊन बघायचं, किती पांगल्या. पांगलेल्या गोळा करायच्या, पुन्हा तीच वाट. पाऊस असो, वारा असो. माणूस कंटाळून मध्येच सोडतो म्हणून मेंढी शिकत नाही, असं ती म्हणायची.

खोऱ्यातले लोक खालून बघत. धुकं उतरलं की ठिपक्यासारखी दिसायची ती. जॉन्टी एकदा वर रासेपाशी भेटला.

"ॲग्नेस, तुझ्या एका मेंढीने काल माझ्या बायकोचा कोबी खाल्ला."

"कशावरून माझी?"

"लाल पट्टा होता. शिवाय खाऊन झाल्यावर माफीही मागितली नाही. तुझीच."

"आणि तुझ्या निळ्या मेंढ्या रोज माझ्या हद्दीत येतात त्याचं काय?"

"त्यांना वाटतं, घर रिकामं आहे," जॉन्टी म्हणाला. मग जरा गंभीर होऊन, "मी हाकलतो गं. पण मी तरी किती हाकलणार? पलीकडून कोणी रेटायला नसलं की पसरतात त्या. तुझा कळप जिथे उभा राहील तिथे माझा थांबेल. याला दुसरा उपाय नाही."

"राहील उभा. इथवर राहील."

रोज संध्याकाळी क्लिफ घरी आल्यावर विचारायचा, "रासेपर्यंत गेलीस?"

ती म्हणायची, "नेहमीसारखी."

पहिले काही महिने ते खरं होतं.

जानेवारीत ओढ्यावर बर्फाचा पातळ थर होता. ॲग्नेसचा पाय दगडावरून सटकला आणि ती खुब्यावर पडली. बराच वेळ उठता आलं नाही. फ्लाय तिच्याभोवती फिरत राहिली, मेंढ्या थांबून बघत राहिल्या. शेवटी काठीच्या आधाराने ती उभी राहिली आणि तशीच घरी आली. क्लिफला म्हणाली, थंडीने सांधे धरलेत. डॉक्टरकडे गेली नाही. डॉक्टर 'चालू नका' म्हणणार, हे तिला न जाताही माहीत होतं.

एक दिवससुद्धा तिने चुकवला नाही. पण ओढ्यापर्यंत गेलं की पुढचा चढ तिला डोळ्यांनीच चढावा लागे. ओढ्याकाठी एक सपाट खडक होता. त्यावर ती बसायची आणि फ्लायला वर पिटाळायची. फ्लाय मेंढ्यांना उतारावर न्यायची. त्या थोड्या वर जायच्या, मागे वळून ॲग्नेसला बघायच्या, आणि कुत्री जरा बाजूला झाली की परत खाली यायच्या. तिला वाटायचं, हरकत नाही, खुबा बरा झाला की भरून काढू. उन्हाळ्यात वरच्या गोड गवतामागे आपोआप जातील. आधीच्या मेंढ्या जातच होत्या.

संध्याकाळी क्लिफ विचारायचा, आणि ती 'नेहमीसारखी' म्हणायची. पहिल्या दिवशी तो शब्द तिने चुलीकडे तोंड करून उच्चारला. नंतर तसं करावं लागेना. जन्मभर इतक्या वेळा उच्चारलेला शब्द, आपल्या पायांनी निघून जायचा.

वसंतात कोकरं झाली, काळीभोर. आयांच्या मागे डोंगरावर गेली. उन्हाळा आला आणि गेला. खुबा बरा झाला नाही. दुसरा हिवाळाही तसाच गेला. खोऱ्यात मात्र ॲग्नेसचं नाव झालं. चर्चमध्ये प्रवचनात पाद्रीबाबांनी तिचं उदाहरण दिलं तेव्हा ती खाली मान घालून बसली आणि लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या वर्षीच्या शरदात सगळ्यांनी मिळून डोंगरावरच्या मेंढ्या उतरवायचं ठरलं. या एका दिवशी शेजारी शेजारी एकमेकांना मदत करतात. माथ्यापासून सगळे कळप खाली हाकत आणतात आणि मग खुणा बघून ज्याचा त्याला देतात. नवा कळप कुठवर रुजला, ते त्या दिवशी उघड होणार होतं. क्लिफ आणि जॉन्टी पहाटेच माथ्यावर गेले. ॲग्नेस भिंतीच्या फाटकापाशी काठी टेकून उभी राहिली.

सकाळ स्वच्छ होती. धुकं असतं तर तिला बरं वाटलं असतं. वरून माणसांच्या हाका आणि कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येऊ लागलं. मग रासेखालच्या उतारावरून मेंढ्या वाहत खाली यायला लागल्या. ती डोळे ताणून बघत होती. निळ्या. सगळ्या निळ्या. घसरड्या उतारावरून आलेल्या झाडून सगळ्या मेंढ्यांच्या पाठी निळ्या होत्या, आणि त्यांच्या कोकरांनाही ती वाट पाठ होती. त्या ओढ्याशी आल्या आणि तिथून पुढे कळपात लाल रंग मिसळला. ओढ्याच्या अलीकडे लालच लाल. हद्द खडूने आखल्यासारखी स्पष्ट दिसत होती.

फाटकातून मेंढ्या आत घेतल्या. जॉन्टी जवळ येऊन म्हणाला, "वाईट नाही. कुंपण न घालता दोन वर्षांत एवढ्या थांबल्या. माझे आजोबा तर पैज हरले असते." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

क्लिफ आईकडे बघत नव्हता. मेंढ्या वेगळ्या करणं, कोकरांना खुणा करणं, सगळं काम झालं. बाकीचे शेजारी पोटभर जेवून गेले. मग घरात ॲग्नेस, क्लिफ आणि जॉन्टी एवढेच उरले.

क्लिफने विचारलं, "कुठवर जायचीस?"

"ओढ्यापर्यंत."

"कधीपासून?"

"पडले तेव्हापासून. त्या पहिल्या जानेवारीत."

"तू पडली होतीस?" क्लिफ म्हणाला. मग म्हणाला, "रोज विचारत होतो मी."

"तू विचारत होतास. मी सांगत नव्हते."

"खाण सोडली असती. मी गेलो असतो वर."

"म्हणूनच."

जॉन्टीने टोपी हातात फिरवली. "हे बघ, यावर तोड आहे. मी माझ्या मेंढ्या वरच्या उतारावरून मागे रेटतो. दोघं मिळून दोन-तीन वर्षं लागलो तर सरकेल हद्द. जमीनदाराला काही कळायचं कारण नाही."

"तुझ्या कोकरांनी तिथे आयांबरोबर दोन उन्हाळे काढलेत," ॲग्नेस म्हणाली. "त्यांना हाकलायचं? माझ्या पायासाठी?"

"मेंढ्याच आहेत, ॲग्नेस."

"माझ्याही मेंढ्याच होत्या."

जॉन्टी टोपी घालून उठला, दाराशी थांबला आणि म्हणाला, "वरचं गवत मला नको होतं. एवढं लक्षात ठेव."

"माहीत आहे. बूट पूस जाताना, तुझ्या घरची फरशी माझ्या चिखलाने खराब करशील."

तो गेल्यावर दोघं चुलीपाशी बसली. ॲग्नेस म्हणाली, "सासऱ्याने मला रासेपर्यंत दिलं होतं. मी तुला तेवढं देऊ शकले नाही. आणि वर खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर वाचलं असतं."

क्लिफला पुष्कळ बोलता आलं असतं. रागावताही आलं असतं, आणि तो रागावलेला होताही. पण आई चुलीकडे बघत होती आणि तिचा हात नकळत खुब्यावर होता.

"ओढ्यापर्यंत तरी रोज गेलीस?" त्याने विचारलं.

"रोज."

"पाऊस असला तरी?"

"एकदाही चुकवलं नाही. विश्वास ठेव नाही तर नको ठेवूस."

"ठेवायला काय झालं," क्लिफ म्हणाला. "मेंढ्यांनी सांगितलंच की."

त्याने त्या हिवाळ्यात खाण सोडली आणि तिला डॉक्टरकडे नेलं. वसंतात जमीनदाराचा नवा कारभारी आला. क्लिफच्या नावाने कूळ बदलायचं होतं. कारभारी तरुण होता, दक्षिणेकडचा, बूट कोरे करकरीत. फाटकापाशी उभं राहून त्याने डोंगराकडे हात केला. "तुमच्या कळपाचं रान कुठवर?"

"ओढ्यापर्यंत," क्लिफ म्हणाला.

"पूर्वीपासून?"

"नेहमीच," क्लिफने सांगितलं. त्याचा चेहरा जराही हलला नाही.

ॲग्नेस बाकावर बसली होती. काठी टेकून ती उठली. "नेहमी नाही," ती म्हणाली. "माथ्यावरच्या रासेपर्यंत होतं. वरचं रान माझ्या हातून गेलं. आता त्यावर बर्केटच्या मेंढ्या असतात, आणि ते त्यांचंच समजा."

कारभारी गोंधळला. एकदा क्लिफकडे, एकदा तिच्याकडे बघून त्याने मान हलवली आणि गाडीकडे गेला.

"कशाला सांगितलंस?" क्लिफ म्हणाला. "त्याला काय कळणार होतं?"

"त्याला नसतं कळलं. तुझ्या तोंडी तो शब्द तसा नको होता मला." ती परत बाकावर बसली. "ओढ्यापर्यंतची वाट आधी चाल, मग म्हणायला लाग हळूहळू. अजून वेळ आहे."

क्लिफने फाटक उघडलं आणि मेंढ्या वर सोडल्या. त्या एकीमागे एक ओढ्यापर्यंत गेल्या आणि पसरल्या. एक काळं कोकरू पाणी ओलांडून पलीकडच्या उतारावर चढलं आणि पुढच्या गवताकडे बघत उभं राहिलं. अलीकडे त्याच्या आईने मान वर केली आणि त्याला हाक घातली. कोकरू जरा घुटमळलं, मग उड्या मारत परत आलं आणि तिच्या कुशीत शिरून दूध प्यायला लागलं.